आपल्याच छायाचित्रांचा न्याय

आमच्या मंडळीच्या वर्धापनदिनाला एक स्मरणिका काढावी असे ठरले, आणि "फोटोंचे तेवढे तुम्ही बघा" म्हणून पंचकमिटीने ते काम आमच्या गळ्यात घातले. कारण उघड होते. गेली वीसेक वर्षे बाप्तिस्मा असो, लग्न असो, शब्बाथशाळेचा बक्षीस समारंभ असो की दफनविधी असो, कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभे राहणारे आम्हीच. स्मरणिकेत जागा होती १६ छायाचित्रांची. आमच्या पेटीतून आणि संगणकातून निवडीस योग्य अशी निघाली ६४०. जेवणे आटोपून आम्ही निवडीस बसलो, आणि रात्री दीड वाजेपर्यंत त्यांतील ५९८ छायाचित्रे "छान" या सदरात जमा झाली. सकाळी चहा देताना आमच्या सौ.ने ती यादी पाहिली आणि शांतपणे विचारले, "आणि ही उरलेली ४२ दुसऱ्या कोणी काढली होती वाटतं?"

आम्ही ते हसण्यावारी नेले. परंतु प्रश्न मनात रुतून बसला तो बसलाच. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायशास्त्राचे जुने तत्त्व आहे. कोर्टात ते चालते, कारण तेथे दुसरा न्यायाधीश मिळतो. पण आपण काढलेल्या शेकडो छायाचित्रांतून कोणते साधले आणि कोणते फसले हे ठरवण्यास दुसरा कोण येणार? आरोपी आपण, वकील आपण, साक्षीदार आपण आणि निकाल देणारेही आपण. अशा कचेरीतून ५९८ निर्दोष सुटले तर नवल ते काय?

वाचकांपैकी काहींना वाटेल, एवढ्याशा गोष्टीत नीतीचा प्रश्न तो कसला? आम्हांलाही तसेच वाटत होते. म्हणूनच पुढे जे घडले ते सांगावेसे वाटते.

आमच्या वडिलांपाशी आग्फा क्लिक-थ्री नावाचा काळा कॅमेरा होता. तो आपल्या वडोदऱ्यातच तयार होत असे, हे तिकडच्या वाचकांना ठाऊक असेल. एका रोलमध्ये छायाचित्रे निघत बारा. वडील एक रोल नाताळात भरीत आणि तो पुढच्या नाताळापर्यंत पुरवीत. बटण दाबण्यापूर्वीच ते एवढा विचार करीत की बहुतेक वेळा कॅमेरा खाली घेऊन म्हणत, "नको, राहू दे." म्हणजे निवाडा होई तो छायाचित्र काढण्यापूर्वी. त्याच्याही आधीच्या काळी तर हे अधिकच खरे होते. राजा दीनदयाळ यांचे नाव इंदूरच्या आणि हैद्राबादच्या वाचकांना परके नाही. १८७४ च्या सुमारास इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असताना त्यांनी ही कला हाती घेतली, आणि पुढे निजामांच्या दरबारी छायाचित्रकार होऊन सिकंदराबादेत आपला स्टुडिओ थाटला. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच जागेवरच रसायनाने माखायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ती वाळण्यापूर्वीच धुवायची. एका चित्रामागे एवढा खटाटोप असता उगीच चार चित्रे जास्त घेण्याचा मोह कोणाला होणार?

आज खिशातला फोन एका क्षणात वीस छायाचित्रे घेतो आणि पैसाही पडत नाही. म्हणून विचार करण्याची वेळ आधीची नंतर गेली. ती नाहीशी झाली असे मात्र नाही. पूर्वी बटण दाबताना जो संयम लागे तोच आता निवडताना लागतो, आणि निवडताना तो पाळणे अधिक कठीण आहे असे आमचे मत झाले आहे. न काढलेल्या चित्रावर माणसाचा जीव जडत नाही. काढलेल्यावर जडतो.

जीव कसा जडतो, त्याचे एक उदाहरण देतो. आमच्या बेळगावापासून जवळच राजहंसगड आहे. तरुण संघाच्या मुलांबरोबर आम्ही एकदा अंधारातच तो चढलो. थंडी होती, एकाचा पाय मुरगळला होता, वर पोहोचलो तेव्हा पूर्वेला नुकते फटफटत होते. खालच्या शेतांवर धुके होते. मुलांनी आपण होऊन गाणे सुरू केले, आणि आमचे डोळे भरून आले. त्या वेळी काढलेले छायाचित्र आम्ही पहिल्या १६ त पहिले म्हणून ठेवले होते. ते आता आमच्यासमोर आहे. त्यात काय आहे? वर राखाडी आकाश, खाली राखाडी जमीन, डावीकडे पाठमोरी पाच डोकी, आणि एकाच्या कानातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब. थंडी त्यात नाही. गाणे नाही. मुरगळलेला पाय नाही. आमचे भरून आलेले डोळे तर कोठेच नाहीत. ते सारे आमच्या मनात होते, आणि आम्ही छायाचित्र पाहतो आहोत असे समजून आठवण पाहत होतो.

आमच्या समजुतीप्रमाणे सगळ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे. आपल्या छायाचित्राकडे आपण कधीच रिकाम्या हाताने जात नाही. चौकटीबाहेरचे सगळे गाठोडे बरोबर घेऊन जातो: किती चाललो, किती थांबलो, तो कॅमेरा किती हप्त्यांनी घेतला, त्या दिवशी आपण किती आनंदात होतो. परक्या माणसापाशी यातले काहीच नसते. त्याच्यापुढे असतो फक्त कागदाचा चौकोन. आणि स्मरणिका ही परक्यांच्या, पुढे जन्माला येणाऱ्यांच्याही, हाती पडणार असते.

या अडचणीत असताना आम्हांला दावीद राजा आणि नाथान संदेष्टा यांची गोष्ट आठवली. शब्बाथशाळेत ती आम्ही कितीदा शिकवली असेल! दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. नाथानाने येऊन तोंडावर दोष ठेवला नाही. त्याने एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कशी हिरावून घेतली ते सांगितले. दावीद न्याय करण्यात कुशल होता. त्याने ताबडतोब आणि बरोबर निवाडा दिला. मग कळले की खटला त्याचाच होता. आजवर आम्ही ही गोष्ट दाविदाच्या पापाची म्हणून शिकवीत आलो. ६४० छायाचित्रांपुढे बसल्यावर तिची दुसरी बाजू ध्यानात आली. दाविदाची न्यायबुद्धी शाबूत होती. बिघाड एवढाच होता की प्रकरण आपले आहे हे ठाऊक असताना ती काम करीत नव्हती. नाथानाने त्याला नवी बुद्धी दिली नाही. प्रकरण परके करून दाखवले, इतकेच.

तेव्हा प्रश्न असा उरतो की आपले चित्र परके कसे करावे? मोठमोठ्या छायाचित्रकारांनीही याच प्रश्नाशी झगडा केला आहे.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर छायाचित्रे काढणारे गॅरी विनोग्रँड हे काढलेला रोल लगेच धूत नसत. वर्ष वर्ष, कधी दोन वर्षेही तसाच ठेवीत. त्यांचे म्हणणे असे की काढतेवेळी मन आनंदात असेल तर तो आनंद चित्रातही आहे असे वाटू लागते. म्हणून तो दिवस विसरला जाईपर्यंत थांबावे. विसरणे हा आपण दोष मानतो. येथे एक माणूस मुद्दाम विसरण्याची वाट पाहत होता! आम्ही हे करून पाहिले आहे, आणि ते खरे आहे. पाच वर्षांपूर्वीचे आमचे चित्र पाहताना आम्ही जितके निष्ठुर होतो तितके कालच्या चित्राबाबत होऊ शकत नाही. परंतु या उपायालाही मर्यादा आहे. विनोग्रँड १९८४ साली, ५६ व्या वर्षी, वारले तेव्हा त्यांच्यामागे न धुतलेले सुमारे २,५०० रोल निघाले, आणि धुतले पण छापून पाहिले नाहीत असे आणखी हजारो. त्यांची निवड शेवटी इतरांना करावी लागली. निवाडा लांबणीवर टाकणे आणि निवाडा टाळणे यांत अंतर आहे, आणि माणसाला आपण कोणत्या बाजूला आहोत हे नेहमी कळतेच असे नाही. आमच्या पेटीतही न पाहिलेल्या निगेटिव्हचे तीन डबे होते. बेळगावच्या पावसाळ्याने त्यांतील एका डब्याचा निकाल आमच्याऐवजी लावला. सगळ्यांवर बुरशी.

दुसरे उदाहरण रॉबर्ट फ्रँक यांचे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला हा गृहस्थ १९५५ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकाभर फिरला. त्याने ७६७ रोल खर्ची घातले, म्हणजे २७,००० हून अधिक चित्रे. त्यांतून सुमारे एक हजार त्याने कामचलाऊ छापून घेतली, भिंतींवर टाचली, जमिनीवर पसरली. त्यांच्यामध्ये राहिला, काढली, लावली, पुन्हा काढली. पुस्तक निघाले ते १९५८ साली पॅरिसमध्ये आणि १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये, आणि त्यात छायाचित्रे किती? ८३. वाचकांनी हिशेब करावा. तीनशेहून अधिक चित्रांमागे एक! आणि आम्ही ६४० त ५९८ काढून बसलो होतो.

भिंतीवर लावण्यात एक हुशारी आहे. एकेक चित्र हाती घेतले की ते आपल्याशी एकांतात बोलते आणि आपल्याला जिंकून घेते. सगळी एकदम समोर आली की त्यांच्यातच चढाओढ लागते. ज्याला आपण थोर समजत होतो ते शेजाऱ्यापुढे पाणी भरू लागते. शिवाय जाता-येता नजर पडते तेव्हा आपण न्यायाच्या तयारीत नसतो, आणि नेमक्या अशाच वेळी एखादे चित्र आपले पाऊल अडवते. आम्ही बैठकीच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, आणि शंभर-शंभर छायाचित्रे स्वस्तात छापून आणून कपड्यांसारखी चिमट्यांनी लटकवली. सौ.ने पाहुण्यांपुढे पंधरा दिवस ही लाज सोसली, याबद्दल येथे तिचे आभार मानतो.

काही बारीक युक्त्याही हाती लागल्या. चित्र उलटे धरावे. मग ओळखीचे चेहरे ओळखीचे राहत नाहीत आणि उजेड कोठे व काळोख कोठे एवढेच दिसते. डोळा प्रथम जेथे जातो तेथे जाण्याजोगे काही आहे की नुसता पांढरा सदरा आहे, ते पाहावे. चौकटीच्या चारी कडांवरून बोट फिरवावे. आमचे निम्मे अपराध कडांवरच सापडले, अर्धवट कापलेले हात, कोणाची चप्पल, प्लास्टिकची खुर्ची. आणि एकाच प्रसंगाची सहा चित्रे असतील तर "सहाही बरी" असे म्हणण्याची स्वतःला मुभा देऊ नये. सहांपैकी एक निवडणे हेच काम आहे. पाच नाकारताना जे कारण द्यावे लागते त्यातून आपल्याला काय म्हणायचे होते ते आपणांस प्रथमच कळते.

एवढे करूनही आमच्याने होईना तेव्हा आम्ही परक्यांकडे गेलो. मोठ्या माणसांचा उपयोग झाला नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले तर ज्यात ज्याची सून किंवा नातू, ते त्याला उत्तम. त्यांची चूक नाही. ते नातवाला पसंत करीत होते, छायाचित्राला नव्हे. मग एका रविवारी शब्बाथशाळेच्या नऊ-दहा वर्षांच्या वर्गापुढे आम्ही चाळीस चित्रे मांडली. कोणते चांगले, असे विचारले नाही. "यात काय चालले आहे, सांगा," एवढेच. जो शिक्षक मुलांपुढे उभा राहिला आहे त्याला ठाऊक आहे की मुले भीडभाड ठेवीत नाहीत. राजहंसगडाच्या चित्रापाशी एक मुलगी बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "ह्यो खांब कशाला काढलासा सर?" पाळकसाहेबांच्या भाषणाच्या चित्राबद्दल एकजण म्हणाला, "मागची माणसं झोपल्यात." (ते चित्र आम्ही लगेच काढून ठेवले.) परंतु एका चित्रावर तीन मुले एकदम बोलू लागली. कोणी काय केले असेल, ती बाई कोणाकडे पाहते आहे, पुढे काय होणार, याची त्यांनी गोष्टच रचली. ते चित्र आम्ही ४२ नापासांत टाकले होते. आम्हांला ते आठवतही नव्हते. लग्नाच्या मांडवाबाहेर भांडी घासणाऱ्या बायका आणि त्यांच्यामध्ये कोणीतरी एकीने मागे वळून आत पाहिलेले. काढताना काही कष्ट पडले नाहीत, म्हणून आमच्या लेखी त्याची किंमत नव्हती.

हे उपदेशाच्या बाबतीतही होते, जाता जाता सांगतो. ज्या उपदेशासाठी आम्ही तीन रात्री जागलो त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, आणि घाईत केलेल्या एखाद्या वाक्याबद्दल सहा महिन्यांनी कोणी थांबवून हात धरतो.

उलट बाजूचीही एक चूक आहे, आणि तिला पुष्कळदा नम्रता म्हणतात. आमचे एक स्नेही उत्तम छायाचित्रे काढतात आणि एकही दाखवीत नाहीत. "छे, काही नाही त्यात," असे म्हणून पुसून टाकतात. हा कडक न्याय आहे असे आम्ही समजत होतो. आता तसे वाटत नाही. सगळ्यांना निर्दोष सोडणारा आणि सगळ्यांना फाशी देणारा, दोघेही पुरावा वाचण्याचे कष्ट टाळतात. पहिल्याला आपण चांगले दिसावे अशी इच्छा असते. दुसऱ्याला आपण चुकताना दिसू नये अशी. दोघांचीही नजर चित्रावर नसतेच.

येथवर आम्ही ३० चित्रांवर आलो होतो, आणि आपण बऱ्यापैकी न्यायी झालो असा आम्हांला विश्वास वाटू लागला होता. खरी अडचण नंतर आली.

त्या ३० त एक चित्र निर्विवाद पहिले होते. दोरीवर ते कोठेही लावा, डोळा तेथेच जाई. उलटे धरा, तरी उभे राही. दफनभूमीत, जुलैच्या पावसात, एक काकू छत्रीविना उभ्या आहेत. काकांची पेटी नुकतीच खाली गेली आहे. मागे काळ्या छत्र्यांची भिंत, आणि एकट्या त्यांच्याच चेहऱ्यावर उजेड. एक हात पुढे आलेला, काही धरायला गेला आणि धरायला काही उरले नाही असा. आम्ही हे चित्र काढले यावर आमचा कधी कधी विश्वास बसत नाही. मुलांच्या वर्गात आम्ही ते नेले नव्हते. का नेले नव्हते, हे स्वतःला विचारलेही नव्हते.

या वेळी आम्हांला डोरोथिया लँग या बाईंच्या सुप्रसिद्ध चित्राची हकीकत आठवली. १९३६ च्या आरंभी त्या अमेरिकन सरकारच्या कामावर असताना कॅलिफोर्नियातील निपोमो गावी वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर थांबल्या. गारठ्याने पीक गेले होते, मजूर उपाशी होते. तेथे एका आईची आणि तिच्या मुलांची त्यांनी काही चित्रे घेतली, दरवेळी आणखी जवळ जात. शेवटच्यात दोन मुले तोंड लपवून आईच्या खांद्यांना बिलगली आहेत, मांडीवर तान्हे आहे, आणि आई दूर कोठेतरी पाहते आहे. त्या चित्राने देश हलला. तळावर सरकारी अन्नाची मदत गेली. आता पाहा, लँगबाईंना त्यात एक दोष खुपत होता: खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा दिसत होता. १९३९ च्या सुमारास त्यांनी तो मूळ निगेटिव्हवरून घालवून घेतला. एवढी बारीक नजर! परंतु त्या आईचे नाव त्यांनी विचारले नव्हते. ते जगाला कळले १९७८ साली: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. आपले ते चित्र काढले गेले नसते तर बरे झाले असते, असे त्या बाईंचे म्हणणे पडले. त्यांना त्यातून एक पैसाही मिळाला नव्हता, आणि त्यांचा चेहरा दारिद्र्याचे तोंड म्हणून ओळखला गेला. पुढे १९८३ साली त्या आजारी पडल्या तेव्हा मुलांनी मदतीची हाक दिली, आणि त्याच चित्राच्या आठवणीने अनोळखी लोकांनी पत्रे आणि पैसे पाठवले. चित्र पाहून आपल्याला बळ मिळाले असे लोकांनी लिहिले. मुलांचे मत त्यामुळे काहीसे पालटले म्हणतात.

आम्ही लँगबाईंना दोष देत नाही. त्या तळावरच्या भुकेल्यांना अन्न मिळाले, हे खरे आहे. पण अंगठा दिसला आणि नाव दिसले नाही, हेही खरे आहे. चित्र साधले की नाही हे पाहताना आमची नजर कडांवरून, उजेडावरून, मांडणीवरून फिरत होती. चित्रातल्या माणसाच्या बाजूने ती एकदाही फिरली नव्हती. त्याचे साधले की नाही?

तेव्हा आम्ही छायाचित्र पिशवीत घालून काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी गेल्या, पुष्कळ वेळ पाहिले. आम्हांला वाटले रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लई चांगला काढलायस रे बाळ. खरं, ह्यात मी हरल्यागत दिसतोय की."

आम्ही म्हणालो, "काकू, तुम्हांला नको असेल तर छापत नाही."

"मी कुठं नको म्हटलं? हरलोच होतो त्या दिवशी." मग चित्र परत देत म्हणाल्या, "खरं, पोरं बघतील. त्यांनी ह्यांना कधी बघितलंच नाही. पेटीच बघणार काय त्यांनी?"

नंतर चहा झाला. निघताना त्यांनी विचारले की काकांचा लिलावातला फोटो आमच्याकडे असेल का. कापणीच्या सणाला मंडळीत भाजीपाल्याचा लिलाव होतो, आणि तो पुकारण्याचे काम पुष्कळ वर्षे काकांकडे होते. घरी येऊन शोधले. सापडले, ४२ नापासांतच. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात काढलेले, हात हललेला, डावीकडे खांबाची सावली. काकांनी एक भोपळा तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला आहे आणि तोंड उघडून काही ओरडत आहेत. चेहरा अस्पष्ट आहे, पण हसू आहे हे कळते. चित्र म्हणून ते फसलेले आहे. काकूंच्या घरी जाऊन आल्यामुळे आमच्या मतात बदल झाला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. उलटे धरले तर नुसता धुरळा. परक्या माणसाला त्यातून काही मिळेल असे आम्हांला आजही वाटत नाही. दावीद, नाथान, दोऱ्या आणि मुले यांच्या साह्याने आम्ही जो न्याय शिकलो त्या न्यायाने ते नापासच आहे.

दुसरे चित्र त्याच न्यायाने उत्तम आहे, आणि तेही आमचे मत बदललेले नाही. ते छापण्यास काकूंनी नकार दिला नव्हता. छापले असते तर आमचे नाव झाले असते. हा विचार त्या वेळी मनात नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. तीन दिवस आम्ही दोन्ही चित्रे टेबलावर शेजारी ठेवली. न्याय चित्राचा करायचा आणि निवड स्मरणिकेची करायची, ही दोन कामे वेगळी आहेत, हे आमच्या ध्यानात यावयास तीन दिवस लागले. पहिल्या कामात दया आणू नये. दुसऱ्यात ती आणावी की नाही, याबद्दल आमच्या पंचकमिटीतही एकमत झाले नाही. एका वडीलधाऱ्या सभासदाचे म्हणणे असे की दुःखाचे खरे चित्र मंडळीने पाहिले पाहिजे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही.

स्मरणिका निघून आता वर्ष होत आले. त्यात भांडी घासणाऱ्या बायका आहेत, राजहंसगड नाही. चौदाव्या पानावर काका भोपळा धरून आहेत. छापताना ते आणखीच काळवंडले. परवा शब्बाथशाळेत एका नव्या मुलाने ते पान उघडून विचारले, "सर, हा हललेला का छापला?" आम्ही म्हणालो, "कारण हे काका जाग्यावर कधी उभेच राहत नसत." वर्ग हसला. पण त्याचा प्रश्न रास्त होता, आणि आमचे उत्तर पूर्ण नव्हते. काकूंचे चित्र आम्ही पुसलेले नाही. ते पाकिटात, वडिलांच्या कॅमेऱ्याशेजारी ठेवले आहे. त्यांना हवे तेव्हा ते त्यांचे आहे, असे त्यांना सांगून आलो आहोत.